डोळे मिटून उचललेली दोन माणसं

अमेरिकेत मी आजवर पाऊल ठेवलेलं नाही. तरीही नोकरीची अकरा वर्षं मी लोकांना सांगत होते, की अमेरिकेतल्या कोणत्या शहरात तुम्ही बिऱ्हाड थाटावं. हे मी गप्पांच्या ओघात सांगितलं की लोक हसतात, मीही हसते. पण या अंकाच्या संपादकबाईंनी "तुमच्या त्या विचित्र नोकरीवर लिहा की" म्हणून फोन केला, तेव्हा मला पहिल्यांदा आठवली ती एक चूक. तिच्याबद्दल मी नवऱ्याखेरीज कोणाशी बोललेले नाही. आता निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तेव्हा लिहून टाकते.

आमचं ऑफिस सिंगापूरला, तांजोंग पगारमध्ये होतं. खाली लग्नाचे पांढरे झगे भाड्याने देणारं दुकान आणि वरच्या मजल्यावर आम्ही नऊ जण. मोठ्या कंपन्या आपली माणसं या देशातून त्या देशात बदलीवर पाठवतात. माणूस स्वतः एका पायावर तयार असतो. पण त्याच्या बायकोला, मुलांना, सोबत येणाऱ्या म्हाताऱ्या आईला तिथे करमेल का, हा खरा प्रश्न. वर्षाच्या आत कुटुंब कंटाळून परत आलं की कंपनीचा सगळा खटाटोप पाण्यात. म्हणून कंपन्या आमच्याकडून शहरांची तुलना करणारी पुस्तिका करून घेत. हवा, शाळा, दवाखाने, घरं, आणि सगळ्यात शेवटी, त्या शहरात कोण कोण राहतं. हे शेवटचं प्रकरण माझं.

मुंबईला मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत होते. नवऱ्याला इथे सिंगापूरच्या बँकेत नोकरी लागली म्हणून आले आणि दोन वर्षं घरी बसून कंटाळल्यावर ही नोकरी मिळाली. अमेरिकेच्या जनगणनेचे आकडे कॉम्प्युटरवर फुकट मिळत. ते घ्यायचे, शहरवार मांडायचे, आणि न्यूयॉर्क जास्त मिश्र की लॉस एंजेलिस, ह्यूस्टन की शिकागो, हे सांगायचं. सांगायचं कसं, तर समजा शहरातली सगळी माणसं एका भल्यामोठ्या पिशवीत घातली. डोळे मिटून त्यातून दोन माणसं उचलली. ती दोघं वेगवेगळ्या वंशाची निघण्याची शक्यता किती? शक्यता जितकी जास्त, तितकं शहर मिश्र. बस, एवढंच गणित. ते समजावताना मी दोन्ही हात पुढे करून डोळे मिटत असे आणि समोरचा माणूस हमखास खूश होई.

गणित सोपं, पण पिशवीत काय घालायचं, यावर आमची डोकी फुटायची. अमेरिकेच्या फॉर्मात वंश एका प्रश्नात आणि 'तुम्ही हिस्पॅनिक, म्हणजे मेक्सिकोसारख्या स्पॅनिशभाषी मुलुखातले, आहात का' हे दुसऱ्याच प्रश्नात. ती माणसं वेगळी मोजली की लॉस एंजेलिस वर चढे, नाही मोजली की खाली येई. 'एशियन' या एका खान्यात आमचा तमिळ वॉचमन, खालच्या दुकानातली चिनी मालकीण आणि फिलिपिनो नर्स, सगळे एकत्र. शहराची हद्द कुठे संपते यावरून निम्मी क्रमवारी उलटीपालटी होई. माझ्या आधीच्या माणसाने एका शहरात हिस्पॅनिक लोक दोनदा मोजले होते. ती चूक मी पहिल्याच महिन्यात पकडली, आणि आमचा ऑस्ट्रेलियन बॉस डेरेक त्या दिवसापासून माझं काम तपासेनासा झाला. मला त्याचा केवढा अभिमान वाटला होता! आता वाटतं, तपासलं असतं तर बरं झालं असतं.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. पुण्याचं एक आयटीतलं जोडपं होतं. त्यांना "व्हायब्रंट, मल्टिकल्चरल" शहर हवं होतं. मी तीन शहरं काढून दिली, तशी बाई हळूच म्हणाली, "हो, पण शाळेत आपली मुलं भरपूर हवीत हं." आपली म्हणजे भारतीय का, असं मी विचारलं. "भारतीय म्हणजे तसं... महाराष्ट्रीय असली तर उत्तम." आणखी खोदलं असतं तर पेठेपर्यंत पोचलो असतो. एक बँकर दर शहराला 'गुजराती किती' एवढंच विचारायचा, कारण जिथे गुजराती असतील तिथे शाकाहारी जेवणाची ददात नाही, हा त्याचा हिशेब. खरं सांगायचं तर माझ्या सगळ्या कोष्टकांपेक्षा त्याचा हिशेब जास्त पक्का होता.

आता चूक कशी झाली हे कळायला सिंगापूरच्या घरांविषयी थोडं सांगावं लागेल. इथले बहुतेक लोक सरकारी इमारतींतल्या फ्लॅटमध्ये राहतात, आणि प्रत्येक इमारतीत चिनी किती, मलय किती, भारतीय किती, याची मर्यादा ठरलेली असते. कोणा एकाचाच मोहल्ला होऊ नये हा हेतू. आम्ही टॅम्पिनीसला घर पाहायला गेलो, तेव्हा एजंटने बजेटच्याही आधी विचारलं, "यू ऑल व्हॉट?" नवरा म्हणाला, "अकाउंटंट." तो म्हणाला, "नो लाह, रेस, रेस!" मग वही पाहून त्याने आमच्यासाठी चार इमारती बाद केल्या, कारण तिथले भारतीय भरले होते. तेव्हा आम्हाला गंमत वाटली. पुढे सवय झाली. लिफ्टमध्ये चार माणसं असली की त्यात तीन तऱ्हा असणारच. शहरात जे मिश्रण, तेच इमारतीत, तेच मजल्यावर. दहा वर्षं हेच पाहत राहिल्यावर जगात सगळीकडे असंच असतं असं मनाने धरून टाकलं.

मुंबईत वाढलेल्या बाईने हे धरावं, याची मला आजही लाज वाटते. दादरला कोणत्या कॉलनीत कोण राहतं, कोणत्या गल्लीत कोणाला भाड्याने जागा मिळत नाही, हे मला शाळेत असल्यापासून तोंडपाठ होतं. मुंबईत काय नाही? सगळं आहे. पण मिसळणाच्या डब्यासारखं, मोहरी मोहरीच्या वाटीत आणि हळद हळदीच्या. इथे येऊन मी ते साफ विसरले.

सार्सची साथ ओसरल्यानंतरच्या वर्षी रोहाना माझ्याकडे आली. ती मलय, तिशी उलटलेली, शाळेत शिक्षिका. तिचा नवरा हलीम जुरोंगच्या एका कारखान्यात इंजिनियर होता, आणि कंपनीने त्याला शिकागो किंवा ह्यूस्टन यांतलं एक निवडायला सांगितलं होतं. पुस्तिका कंपनीकडून घरी गेली होतीच. एरवी पुस्तिका मिळाल्यावर कोणी आमच्या जिन्याची पायरी चढत नसे. रोहाना शाळा सुटल्यावर, हातात वह्यांची पिशवी घेऊन थेट वर आली.

"मिस वसुधा, मला नंबर वाचता येतात," ती म्हणाली. "मला फक्त एक विचारायचंय. माझी आई बरोबर येणार आहे. तिला इंग्लिश येत नाही. सकाळी दार उघडल्यावर तिला बोलायला कोणी मिळेल का?"

मी सांगितलं, मलय लोक तिथे औषधालाही सापडायचे नाहीत.

"ते माहितेय. पण लिम आंटी तरी कुठे मलय आहे?"

मग तिने सांगितलं. ती राहायची टॅम्पिनीसलाच, आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, आठव्या मजल्यावर. समोरच्या दारात लिम आंटी, चिनी, तिच्या आईच्याच वयाची. आईला चिनी येत नाही, लिमला धड मलय येत नाही. पण जुन्या लोकांना बाजारातली मोडकी मलय येते, तेवढ्यावर त्या दोघींचं पंधरा वर्षं चाललं होतं. रोज सकाळी दोन दारांच्या मध्ये दोन स्टुलं. ईदला इकडून पदार्थांचं ताट जाई. ते कधी रिकामं परत येत नसे. लिम आंटी मलय घरात चालेल असंच काही, संत्री नाहीतर बिस्किटांचा बंद डबा, त्यात घालून पाठवी. आपल्याकडे शेजारणीची वाटी रिकामी पाठवत नाहीत, अगदी तस्सं.

"जिथे सगळ्या तऱ्हेचे लोक असतात ना," रोहाना म्हणाली, "तिथे लोकांना एकमेकांचं मोडकंतोडकं बोलणं समजून घ्यायची सवय असते. आईला तेवढंच पुरे आहे. तर कुठे जाऊ?"

किती नेमका प्रश्न होता तो! आणि मी काय केलं, तर दोन्ही हात पुढे करून डोळे मिटले. पिशवी समजावली. ह्यूस्टनही चांगलंच मिश्र होतं, पण आमच्या कोष्टकात शिकागो एक पायरी वर होतं. गोरे, काळे आणि हिस्पॅनिक असे तीन मोठे वाटे, जवळजवळ सारखे. मी तिला तो रंगीत गोल दाखवला आणि म्हटलं, "हे बघ, एका मजल्यावर सहा दारं धरली, तर दोन यांची, दोन त्यांची, दोन आणखी कोणाची. तुमच्या इमारतीसारखंच."

हे मला कोणी विचारलं नव्हतं. पुस्तिकेत ते लिहिलेलं नव्हतं. दारांचा हिशेब मी माझ्या मनाने केला, टॅम्पिनीसच्या लिफ्टमध्ये उभं राहून केल्यासारखा.

रोहानाचा चेहरा खुलला. जिन्याकडे जाता जाता तिने आणखी एक विचारलं. हलीम इथलं घर विकून टाकू म्हणतोय, तुम्हाला काय वाटतं? हे तर माझं कामच नव्हतं. "ते तुमचं तुम्ही ठरवा" एवढं म्हणून गप्प बसायचं. पण विचारणारा इतक्या विश्वासाने विचारतो, तेव्हा तोंडाला कुलूप घालणं मला कधी जमलेलं नाही. मी म्हटलं, "अशा शहरातून कोणी परत येत नाही. विका खुशाल."

ते गेले. चार महिन्यांनी तिची पहिली ईमेल आली. तक्रारीची नव्हती, म्हणून तर ती जास्त लागली. हलीमच्या ऑफिसला सोयीचा म्हणून शहराच्या उत्तरेला चांगला फ्लॅट घेतला होता. मजल्यावर सहा दारं होती, आणि सहाही दारांत एकाच तऱ्हेची तरुण जोडपी. सभ्य माणसं. लिफ्टमध्ये हसून "हाय" म्हणत आणि आपापलं दार लावून घेत. ईदला आईने शेजारी ताट नेऊन दिलं. दुसऱ्या दिवशी ते स्वच्छ धुऊन, 'खूप खूप आभार' अशी चिठ्ठी लावून दाराशी ठेवलेलं होतं. आई ते रिकामं ताट घेऊन बराच वेळ उभी होती, असं रोहानाने लिहिलं होतं. त्या शेजारणीचा काय दोष? तिच्या रीतीने ती चांगलंच वागली होती.

खाली आणखी दोन ओळी होत्या. "तुमचे तिन्ही वाटे इथे आहेत, मिस वसुधा. ट्रेनमध्ये बसलं की दिसतात. एका स्टेशनपर्यंत एक तऱ्हा, ती उतरली की दुसरी चढते."

ती ईमेल वाचून मी वस्तीवस्तीचे आकडे काढले. ते त्याच जनगणनेत, त्याच जागी, पहिल्या दिवसापासून होते. फक्त मी कधी उघडले नव्हते, कारण सिंगापुरात ते उघडायची गरजच पडत नाही. आधी शिकागोचा नकाशा रंगवला. तिन्ही रंग होते, पण एकमेकांत मिसळलेले फारच थोड्या ठिकाणी. ह्यूस्टनचा रंगवला. तिथेही चकत्या होत्याच, पण पुष्कळ ठिकाणी दोन-दोन, तीन-तीन रंग एका वस्तीत नांदत होते. म्हणजे रोहानाने मला जे विचारलं होतं, त्याचं उत्तर माझ्या टेबलावर होतं, आणि मी तिला त्याच्या बरोबर उलट सांगितलं होतं.

डेरेकला नकाशे दाखवले. तो म्हणाला, "छान आहेत. पण क्लायंटला एकच आकडा लागतो." बरंच भांडल्यावर पुढच्या वर्षीपासून पुस्तिकेत नकाशांचं एक पान आलं. त्यासाठी माझं कौतुकही झालं. कौतुक करणाऱ्यांना ते पान कोणामुळे आलं हे मी सांगितलं नाही.

एक हिवाळा कसाबसा गेला. आई बोलेनाशी झाली, असं रोहानाने कळवलं. शेजाऱ्यांशी तर नाहीच, घरातही नाही. खिडकीपाशी बसून राहायची. वसंतात रोहाना तिला घेऊन आली. हलीमचा करार तीन वर्षांचा, त्यामुळे आईला जुरोंग ईस्टला आपल्या भावाकडे ठेवून ती परत गेली. टॅम्पिनीस बेटाच्या या टोकाला आणि जुरोंग त्या टोकाला. लिम आंटीच्या गुडघ्यांना एवढा प्रवास झेपत नव्हता, आणि आईला एकटीने एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बसायची धास्ती वाटे. जुन्या इमारतीत परत एखादं लहान घर घ्यावं, अशी तिची एकच इच्छा होती. भाऊही तयार होता.

पण त्या इमारतीतली मलय लोकांची मर्यादा भरलेली होती. त्यांचं स्वतःचं घर मलय कुटुंबानेच घेतलं होतं. भरलेल्या इमारतीत मलय माणसाला दुसऱ्या मलय माणसाकडूनच घर घेता येतं, आणि तेव्हा विकणारं त्यांच्यापैकी कोणी नव्हतं. ज्या नियमाने त्या दोघींना पंधरा वर्षांपूर्वी समोरासमोर आणून ठेवलं होतं, तोच आता आड आला. त्या नियमाला मी नावं ठेवणार नाही, तो नसता तर लिम आंटी त्यांना भेटलीच नसती. घर विका असं नियमाने सांगितलं नव्हतं, मी सांगितलं होतं.

रोहानाच्या भावाचा पत्ता मागून घेऊन मी माफी मागायला गेले. मलय लोक म्हाताऱ्या बाईला मकचिक म्हणतात, म्हणजे आपली मावशी. मकचिक ठेंगणी, गोरटेली, डोक्यावर फुलाफुलांचा रुमाल. मला बाजारापुरती मलय येते. लिमशी बोलून बोलून मकचिकला सोपे शब्द निवडायची सवय झालेली, त्यामुळे आमचं बरं जमलं. मी कोण आणि माझ्यामुळे काय झालं, हे मी सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "तू आकड्यांचं काम करतेस ना? मग बघून सांग, तिथे जागा कधी होईल?"

मर्यादेची माहिती सरकारच्या वेबसाइटवर दर महिन्याच्या एक तारखेला नवी होते. तेव्हापासून माझा नेम झाला. एक तारखेला सकाळी ऑफिसात पोचले की चहाच्याही आधी त्या इमारतीचा नंबर टाकायचा. मलय: भरलेलं. मग मकचिकला फोन. "नाही झाली, मकचिक." "बरं. पुढच्या महिन्यात बघ." एवढंच बोलणं. असे पंधरा महिने गेले. एकदाही मी चुकले नाही, आणि माझ्या मनाला वाटायचं, की मी काहीतरी फेडते आहे.

सोळाव्या महिन्यात जागा झाली. कोणी मलय कुटुंब चिन्यांना घर विकून गेलं असावं. सातव्या मजल्यावर एक घर विकायलाही होतं, लिम आंटीच्या एकच मजला खाली. मी पानाची प्रत काढली, डेरेकला डोकं दुखतंय असं सांगितलं आणि तडक जुरोंग ईस्टची ट्रेन पकडली. अशी बातमी फोनवर सांगायची नसते, असं वाटलं. इतकी खूश मी त्या नोकरीत कधी झाले नव्हते.

मकचिकने कागद हातात घेतला, उलटासुलटा पाहिला आणि मांडीवर ठेवला.

"लिम तिथे नाही," ती म्हणाली.

दोन महिन्यांपूर्वी लिम आंटीचा मुलगा तिला आपल्याकडे घेऊन गेला होता. गुडघे पार गेले होते, आणि पाठोपाठ आठवणही जाऊ लागली होती. जायच्या आधी तिने मकचिकला फोन केला होता, घर कोणी घेतलं तेही सांगितलं होतं. त्यानंतर केला नव्हता.

दोन महिने! त्या दोन्ही महिन्यांत मी एक तारखेला आकडा पाहिला होता, आणि "नाही झाली" म्हणून फोनही केला होता. मकचिकनेही आपणहून काही सांगितलं नव्हतं. मी ज्या पानावर नजर लावून बसले होते, त्यात हे कळण्याची सोयच नव्हती. चिनी घर रिकामं झालं, चिन्यांनीच घेतलं, आकडा जागच्या जागी. आणि ती इमारत माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर होती. सोळा महिन्यांत त्या आठव्या मजल्यावर जाऊन, लिम आंटीचं दार वाजवून, तुमची मैत्रीण तुमची आठवण काढते एवढं सांगायला मी एकदाही गेले नव्हते. त्या दोघींना रविवारी एका टॅक्सीत घालून भेटवायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

पण हे सगळं मला नंतर, परतीच्या ट्रेनमध्ये सुचलं. तिथे बसल्या बसल्या मी जे बोलले ते आजही आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं. मी विचारलं, "तिच्या घरात आता कोण राहतं?"

"चिनीच आहेत. नवरा-बायको आणि तिची आई."

"मग चांगलंच आहे की," मी म्हटलं. "त्या आजींशी होईल तुमची ओळख."

मकचिक रागावली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मला नीट कळावं म्हणून सोपे सोपे शब्द निवडून, सावकाश म्हणाली, "मला चिनी बाई नको होती. मला लिम हवी होती."